वीतभर रुंद, चार हात लांब

१३ नोव्हेंबर, गुरुवार. सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. ठिकाण, सांगवीचं मैदान. हजर : मी, माझी सून शीतल, सव्वा वर्षाची नात ओवी, माझ्या कडेवर, कानटोपी घालून, आमच्या घरमालकीण हौसाआत्या, सिमेंटच्या पायरीवर, गुडघ्यांवर शाल घेऊन, आणि पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या सात मुली, ज्यांची नावं मला अजून पाठ नाहीत. गैरहजर : माझा मुलगा नितीन. त्याची थर्ड शिफ्ट होती, चाकणहून कंपनीची बस अजून यायची आहे.

हजेरी लिहिल्याशिवाय मला पुढचं सुचत नाही. बावीस वर्षं चाकणच्या एका कंपनीत तपासणीच्या कामात काढली. गाड्यांना लागणारे छोटे भाग आमच्याकडे बनतात. मी ते मोजते, बघते. बरोबर असेल त्यावर खूण करते, चुकलं असेल त्याला लाल चिठ्ठी बांधते. घरीही माझी वही असते. गॅस, ओवीची लस, नितीनचा डबा, पाण्याच्या टाकीची सफाई, सगळं त्यात. झालेल्या कामापुढे संध्याकाळी बरोबरची खूण, राहिलेलं काम दुसऱ्या दिवशीच्या पानावर. या वहीत एक काम गेले नऊ महिने पानापानांवरून पुढे सरकत आलं आहे. 'शीतलला सांगणे.' एवढंच लिहिते. काय सांगायचं ते लिहीत नाही, कारण वही घरात कुणीही उघडतं.

आज मात्र ते सांगायलाच हवं. उद्या शुक्रवार, आणि उद्या शीतल ओवीचं अंगावरचं तोडणार आहे. दूध भरपूर आहे, ओवी आनंदाने पिते, डॉक्टरांची काही हरकत नाही. तरी तोडणार, कारण अंगावर पाजत असताना पळालं की छातीचं दुखणं येतं असं तिने मनाशी धरलं आहे. आणि ते तिच्या मनात मी घातलं आहे.

थंडी पडली की या मैदानावर भरतीचा हंगाम सुरू होतो. एरवी इथे म्हातारी माणसं आणि कुत्री फिरतात. नोव्हेंबरात मात्र पहाटे साडेपाचलाच चुन्याच्या ताज्या रेघा दिसतात. गोळा काल कुठवर गेला त्याची खूण म्हणून कुणी विटेचा तुकडा ठेवलेला असतो. नदीकडून जलपर्णीचा ओला, कुबट वास येतो, त्यात कोपऱ्यावरच्या गाडीवरचं आलं मिसळतं. मुली जोडीने येतात, ओढण्या गुलमोहराच्या फांदीला अडकवतात, नाड्या दोनदा बांधतात. धुकं असलं की मैदानाच्या पलीकडच्या टोकाला त्या दिसेनाशा होतात. मग आधी पावलं ऐकू येतात, नंतर श्वास, आणि शेवटी मुलगी दिसते. माझे कान एकाच आवाजाकडे असतात. शीतलचा डावा बूट जरा घासत येतो. गेल्या वर्षीही असाच यायचा. तो ऐकला की मी घड्याळावर अंगठा ठेवते.

शीतल जालन्याकडची. कॉलेजात असताना जिल्ह्यात पळायची. बघायला गेलो तेव्हा पोह्यांची ताटली हातात देतानाच ती म्हणाली होती, "मला भरती द्यायची आहे. आधीच सांगते, नंतर कटकट नको." तिच्या वडिलांनी कपाळाला हात लावला. मला ती तिथेच आवडली. मी म्हटलं, "पोरगी पळेल. माझा शब्द." लग्नानंतर वर्षभरात ओवीची चाहूल लागली आणि ती पोटात असतानाच भरतीची जाहिरात आली. मैदानी चाचणी थंडीत होणार होती. जुलैच्या शेवटी ओवी झाली. मी वहीत चौकटी आखल्या. एका बाजूला आठवडे, दुसऱ्या बाजूला कामं.

त्या पावसाळ्याचा शेवट मला वासांनी आठवतो. अळिवाची खीर, तुपात फुलणारा डिंक, ओव्याची धुरी, आणि नितीनच्या कपड्यांना येणारा मशीनच्या तेलाचा वास. शीतल कपडे बदलायला लावल्याशिवाय त्याला ओवीजवळ येऊ द्यायची नाही. सहा आठवडे झाल्यावर दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंना मी वही उघडूनच विचारलं, "हिला पळायचंय. दुधाचं काय?"

त्या हसल्या. म्हणाल्या, "पळण्याने दूध आटत नाही, बिघडतही नाही. आधी नुसतं चाला. टाके, ओटीपोट, सगळं नीट वाटलं तर तीन महिन्यांनंतर हळूहळू पळा. आधी पाजायचं, मग पळायचं, म्हणजे छाती हलकी राहते. पाणी भरपूर. अंगाला आधार देईल असा कपडा, पण आवळणारा नको. दुखलं की थांबायचं."

मी शब्द न् शब्द उतरवला. खाली रेघ मारली. आणि चूक केली ती त्या रेघेखाली. डॉक्टरांच्या यादीला मी दोन ओळी जोडल्या. एक हौसाआत्यांची, एक माझी.

आत्या इथल्या जुन्या घरातल्या. सांगवीत भाताची खाचरं होती तेव्हापासूनच्या. त्यांनी सहा पोरं अंगावर वाढवली, त्यातली चार शेताच्या बांधावर. शीतल चालून आली आणि तशीच ओवीला घ्यायला लागली, तेव्हा त्या जिन्यातूनच ओरडल्या, "अगं थांब थांब! तापल्यालं दूध पाजती व्हय? पोरीला हगवण लागंल. आमी रानातनं आलो की आदी पायावर पाणी घ्यायचो, टेकायचो, मग पोराला घ्यायचो."

"डॉक्टरांनी तसं काही सांगितलं नाही, आत्या," शीतल म्हणाली.

"डाक्टरीन कवा रानात गेली हाय का?"

मला वाटलं, अर्धा तास थांबण्यात काय जातंय. कंपनीतही गरम तुकडा लगेच मोजत नाहीत, निवू देतात. मी वहीत लिहिलं, 'पळून आल्यावर अर्धा तास पाजू नये.'

मग पळणं सुरू झालं. पहिल्या दिवशी एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं. मी पायरीवर ओवीला मांडीवर घेऊन बसलेली, हातात घड्याळ. शीतल परत आली तेव्हा टी-शर्टावर पुढे दोन गोल ओले डाग. पिवळ्या ट्रॅकसूटमधल्या मुलीने विचारलं, "ताई, एवढ्या थंडीत एवढा घाम?"

"घाम नाही गं बाई," शीतल धापा टाकत म्हणाली, "माझ्या लेकीचा नाश्ता सांडलाय."

सगळ्या मुली हसल्या. शीतलही हसली. पण घरी येताना गाडीवर मागे बसून तिने ओवीआड ते डाग झाकले होते. जिना चढताना म्हणाली, "आई, पळताना फार दुखतं हो. सगळं हिंदकळतं. आणि असे डाग घेऊन त्या दिवशी अधिकाऱ्यांपुढे कशी उभी राहू?"

पळण्यासाठीचा खास आतला कपडा मागवला होता. तो लहान झाला, परत केला, दुसरा आठ दिवसांनी येणार होता. आठ दिवस! माझ्या चौकटीत आठ दिवस रिकामे सोडायला जागा नव्हती. बाळंतिणीचं पोट आपण बांधतोच. आत्या रोज सकाळी शीतलचं पोट मऊ सुती कापडाने बांधून द्यायच्या. मी म्हटलं, पोट बांधतात तर छाती का नाही? माझी एक जुनी सुती साडी होती, धुऊन धुऊन सायीसारखी झालेली. तिचा पट्टा फाडला. वीतभर रुंद, चार हात लांब. कडा दुमडून शिवल्या, टोकाला नाड्या लावल्या. घरात आहे त्यातून काम भागवलं की मला फार बरं वाटतं. त्या दिवशी फारच बरं वाटलं.

पट्ट्याने काम केलं, हेच वाईट झालं. हिंदकळणं थांबलं, डाग थांबले. आठशे मीटरला तीन मिनिटं चाळीस सेकंद लागत होते, ते तीन अठरावर आले. तोवर मागवलेला कपडा आला होता. तो मी तसाच कपाटात ठेवला. चाललेल्या कामात बदल कशाला? उलट दर आठवड्याला पट्टा थोडा जास्त ओढत गेले. शीतल हात वर करून उभी राहायची, मी मागून गुडघा टेकवून नाड्या ओढायची. "श्वास घेता येतोय का?" "येतोय." "मग अजून एक वेढा." नट फार आवळला की आटा जातो, हे मी नव्या मुलांना पहिल्याच दिवशी शिकवते.

नितीन एकदा शिफ्टवरून येऊन दारात उभा राहून हे बघत होता. म्हणाला, "आई, ती सून आहे. तुझी लाइन नाही."

"तू चहा पी आणि झोप," मी म्हटलं.

त्या डिसेंबरातली एक सकाळ मी विसरू शकत नाही. खरं तर अशा वीस-पंचवीस सकाळी असतील, आठवणीत त्या सगळ्या एकच झाल्या आहेत. आम्ही मैदानावरून आलो आहोत. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी होतेय. ओवी माझ्या मांडीवर रडून लाल झाली आहे, मूठ तोंडात कोंबते आहे. समोर भिंतीला टेकून शीतल बसली आहे, दोन्ही हात काखेत घट्ट दाबून. पट्टा अजून सोडलेला नाही, कारण सोडला की दूध वाहायला लागतं आणि अर्धा तास झालेला नाही. पट्ट्यावर हळूहळू ओल उमटते आहे.

"आई, झाला का अर्धा तास?"

मी घड्याळ बघते. "अजून अकरा मिनिटं."

अकरा मिनिटं ती माझ्याकडे न बघता ओवीकडे बघत राहिली. मी ओवीला थोपटत घड्याळाकडे बघत राहिले. आज त्या चित्रातली सगळ्यांत विचित्र बाई मला मीच दिसते.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी शीतलला ताप भरला. अंग फणफणलं, दात वाजायला लागले. उजव्या बाजूला गाठ, तिच्याभोवती लाल चट्टा, हात लावू देत नव्हती. पट्टा सोडला तर त्याच्या वरच्या काठाची रेघ अंगावर उमटलेली, आणि गाठ नेमकी त्या रेघेखाली. मी ते पाहिलं. मोजणाऱ्या बाईच्या नजरेतून असं काही सुटत नाही. पण तेव्हा एकच भीती होती. दूध गेलं तर? ओवी साडेपाच महिन्यांची, वरचं काही घेत नाही. आणि मैदानी चाचणीला जेमतेम महिना.

दवाखान्यात डॉक्टरांनी तिला तपासलं, औषध लिहिलं, नर्ससोबत शेजारच्या खोलीत ओवीला पाजायला पाठवलं. मग मला थांबवलं. "हे कशाने आवळलं होतं?"

मी सांगितलं. पट्टाही, अर्धा तासही.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर सोपं झालं असतं. म्हणाल्या, "दूध आत कोंडलं. वरून दाब, आणि पाजायला उशीर. त्याने दुखणं झालं. पळण्याचा यात काही दोष नाही, हे तिला नीट सांगा, नाहीतर घाबरून बसेल. दोन्ही बाजूंनी पाजत राहू द्या. ताप गेला, दुखणं गेलं की पुन्हा हळूहळू सुरू करा. पळून आल्यावर घाम पुसायचा आणि बाळाला भूक असेल तर लगेच घ्यायचं. आणि तो पट्टा टाकून द्या."

शीतल बाहेर आली. ओवी खांद्यावर झोपलेली. शीतलचे डोळे तापाने चमकत होते. तिने विचारलं, "काय म्हणाल्या?"

मी म्हटलं, "पळून आल्यावर लगेच पाजलं तरी चालतं म्हणाल्या. आत्यांचं ते अर्ध्या तासाचं खूळ बंद."

"आणि हे कशाने झालं?"

बाहेर कुणाचा तरी नंबर पुकारत होते. औषधाचा कागद माझ्या हातात होता. मी तो चार घड्या करून पर्समध्ये ठेवला आणि म्हटलं, "धावपळ जरा जास्त झाली."

आत्यांची चूक मी तिथल्या तिथे सांगितली. माझी तेवढी ठेवून घेतली. घरी आल्यावर पट्टा उचलला, "मळलाय, धुते" म्हटलं, धुतला, वाळवला आणि कपाटात साड्यांच्या खाली सारला. टाकला नाही. का नाही टाकला, कोण जाणे. आमच्या कंपनीत नापास माल लाल पेटीत जातो आणि पेटीला कुलूप असतं, तसं काहीसं असेल.

दूध गेलं नाही. चार दिवसांत ताप उतरला, गाठ विरघळली, ओवीच्या वजनाचा काटा चढताच राहिला. अकरा दिवसांनी शीतल मैदानावर आली, या वेळी मागवलेला तो कपडा घालून. सगळं सुरळीत झालं असं मीही म्हणू शकले असते. पण ती पूर्वीची पळणारी राहिली नव्हती. पाचशे मीटरनंतर तिचा उजवा हात आपोआप छातीशी यायचा, जणू काहीतरी सांडू नये म्हणून धरलंय. मी पायरीवरून ओरडायचे, "हात खाली, शीतल! हात खाली!" ती खाली घ्यायची. दहा पावलांवर तो पुन्हा वर.

चाचणीच्या दिवशी ओवीला घेऊन मी फाटकाबाहेर, जाळीला नाक लावून उभी. बाहेर आया, सासवा, नवरे, पाण्याच्या बाटल्या, केळी. एक बाई नामजप करत होती. शीतलने आत जाण्याआधी गाडीच्या आडोशाला ओवीला पाजलं, पदर नसल्याने मी शाल धरून उभी राहिले. मग ती गेली. छातीवर नंबर चिकटवलेला. पहिला वेढा छान. दुसऱ्या वेढ्याला वळणावर मी तो हात वर येताना पाहिला. मागची मुलगी पुढे गेली, तिच्या मागचीही. हात तसाच. ती एका हाताने पळत होती. इतक्या लांबून मी ओरडून उपयोग नव्हता, आणि ओरडून काय सांगणार होते?

दोन गुणांनी राहिली.

तिने मला दोष दिला असता तर मी त्याच संध्याकाळी सगळं ओतलं असतं. ती म्हणाली, "माझ्याच शरीरात नाही ते. जाऊ द्या आई, ओवी चांगली आहे ना." आणि उठून भाकरी करायला घेतल्या. त्या रात्रीच्या पानावर मी पहिल्यांदा लिहिलं, 'शीतलला सांगणे.'

मग उन्हाळा आला, ओवी रांगली, पाणी दिवसाआड यायला लागलं, पाऊस आला, ओवी चालली. रोज एखादं कारण सापडायचं. आज ती दमली आहे. आज नितीन घरात आहे. आज तिचे आईवडील आलेत. खरं कारण हे की ती मला मानते. तिच्या आईला फोनवर सांगते, "आमच्या आईंनी वही करून मला पळवलं." असं बोलणं ऐकलं की मी गॅलरीत जाऊन वाळलेले कपडे पुन्हा झटकते.

यंदा भरती पुन्हा निघाली. तिच्या वयात बसणारी ही शेवटची. ती तयारीला लागली, पण पाय राखून पळते. घड्याळ मला सांगतं, तिच्यात अजून बारा-पंधरा सेकंद शिल्लक आहेत. ती ते काढत नाही. परवा मंगळवारी ओवीला पाजता पाजता तिने विचारलं, "आई, हिचं तोडू का? जोरात पळाले की पुन्हा तसं होईल याची भीती वाटते. एकदा दूध बंद झालं की मग निर्धास्त पळेन."

ओवी तोंड न सोडता एका डोळ्याने माझ्याकडे बघत होती. तिची ही खोड आहे, पिता पिता आईच्या कानाची पाळी चोळायची. मी म्हटलं, "बघू."

आत्यांना 'बघू' कळत नाही. त्या म्हणाल्या, "शुक्रवारी लावू कोरफड. कडू लागली की पोर आपूआप सोडंल. दोन दीस रडंल, मग इसरंल." आणि काल संध्याकाळी कुंडीतलं मोठं पान कापून, वाटीत घालून, वर ताटली झाकून आमच्या खिडकीत ठेवून गेल्या.

काल कंपनीत एक खोकं परत आलं. भागांना बारीक तडे. आमच्याकडे असं झालं की एक कागद भरावा लागतो. दोष का आला? जे उत्तर येईल त्यालाही पुन्हा का? असं पाच वेळा विचारायचं. एक नवीन मुलगी, वर्षा, तो भरत होती. तिने लिहिलं, 'कामगाराचं दुर्लक्ष.' मी कागद परत दिला. म्हटलं, "हे कारण नव्हे. माणसावर ढकललं की पुढच्या महिन्यात तोच माल पुन्हा परत येतो. कुणी काय आवळलं, किती आवळलं, कुणी सांगितलं म्हणून आवळलं, ते शोध."

बोलून झालं आणि माझी मलाच धडकी भरली. वर्षा म्हणाली, "मॅडम, पाणी देऊ?"

आज सकाळी म्हणूनच ठरवून आले. मला सुट्टी, नितीन यायला अवकाश. मैदानावरच सांगायचं, पळण्याच्या आधी. मग वाटलं, आधी नको, तिचं पळणं बिघडेल. पळून झाल्यावर. धुक्यातून डावा बूट घासत आला. तीन मिनिटं सहा सेकंद. वळणावर हात वर आला होता, मी पाहिला. ती वाकून गुडघ्यांवर हात टेकून उभी राहिली आणि खालूनच विचारलं, "किती?"

"तीन सहा."

"हात वर गेला ना?"

"गेला."

"उद्यानंतर नाही जाणार," ती म्हणाली. घाम पुसला, पायरीवर बसली आणि ओवीला घेतलं. ओवीने कानाची पाळी शोधली. सातही मुली पलीकडे गोळा टाकत होत्या, मैदानाच्या या टोकाला आम्हीच होतो. याहून चांगली वेळ आली नसती. मी तोंड उघडलं. आत्या म्हणाल्या, "मंगल, थर्मासात च्या हाय का संपला?" मी चहा ओतला.

घरी आल्यावर शीतल आंघोळीला गेली. मी खिडकीतली ताटली उचलली. कोरफडीचं पान हिरवंगार, कापल्या जागी पिवळा चीक. मी ते कढीपत्त्याच्या कुंडीत खोल पुरलं, वाटी घासली, पालथी घातली. तेवढ्यात शीतल केस पुसत आली.

"आई, कोरफड?"

"नासली होती. टाकली."

दारात हौसाआत्या उभ्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पालथ्या वाटीकडे. "नासती व्हय कुठं कोरफड? आठ दीस पडली तरी न्हाई नासत." एवढं बोलून त्या जिना उतरायला लागल्या.

शीतलने ओला टॉवेल दोरीवर टाकला. मग म्हणाली, "बरं. रविवारी दुसरी आणते."

आता दुपारचे अडीच वाजले आहेत. ती आत ओवीला घेऊन पडली आहे, दार अर्धं उघडं आहे, पंख्याच्या आवाजातून ओवीचं गिळणं ऐकू येतं. पट्टा मी कपाटातून काढून वहीखाली ठेवला आहे. आजच्या पानावर सहा कामं होती. लसीची तारीख विचारली. टाकीवाल्याला फोन केला. नितीनचा डबा झाला. बुटांना नवीन नाड्या आणल्या. गव्हाचं दळण आलं. पाचांपुढे बरोबरच्या खुणा आहेत.

सहावं : शीतलला सांगणे.